दाजूंचा डबा आणि काकींचं कुलूप

"ही पोरगी बोलती का नुसतीच टाईप करती?"

काउंटरच्या पलीकडून हे सरांना विचारलं गेलं. माझ्याविषयी, माझ्यासमोर. सर हसले. मी मान खाली घालून टाईप करत राहिले, म्हणजे उत्तर मिळालंच. विचारणाऱ्या काकींनी आपलं हेल्मेट माझ्या कीबोर्डशेजारी उलटं ठेवलं. आत किल्ल्यांचा जुडगा होता, हातमोजे होते आणि अर्धी खाल्लेली काकडी होती.

"असू दे," त्या म्हणाल्या. "बोलणारी मानसं लई झाल्यात."

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात आम्ही गाड्यांचे विमे उतरवतो. आम्ही म्हणजे सर आणि मी. माझी शाळा इंग्रजी. कुणी मराठीत 'एकोणसत्तर' म्हटलं की मी मनात पायऱ्या मोजत वर चढते आणि मधेच कुठेतरी अडखळते. म्हणून माणसं सरांकडे आणि कागद माझ्याकडे, अशी आमची वाटणी होती. फोन वाजला की मी स्टेपलर शोधायला लागायचे.

तुम्ही कागलच्या बाजूला हायवेवर सकाळी अकराच्या सुमारास कधी थांबला असाल, तर काकींना तुम्हीही पाहिलं असेल. पंजाबी ड्रेसवर पुरुषी फुल शर्ट, पायात बूट, मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी लोखंडी जाळ्या आणि जाळ्यांत खच्चून भरलेले डबे. पंचतारांकित एमआयडीसीतल्या कामगारांना त्या जेवण पोचवायच्या. स्कूटी का नाही, असं एकदा सरांनी विचारलं. "स्कूटी हौसेला. ही कामाला," असं उत्तर आलं. गाडी पहिल्यापासून त्यांच्याच नावावर होती आणि आरसी बुक त्या असं दाखवायच्या, जसं काही जण सातबारा दाखवतात.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे कुलूप. पुढच्या चाकाला एक, मागच्या चाकाला एक, आणि वरून साखळी. चहाच्या टपरीवर दोन मिनिटं थांबायचं असलं तरी तिन्ही. "कुलूप हाय तवर झोप हाय," हे त्या दिवसातून चार वेळा म्हणत. एकदा आमच्या ऑफिसबाहेर त्यांनी साखळी खांबाभोवती फिरवताना सरांच्या स्कूटरच्या चाकातूनही नेली आणि कागलला निघून गेल्या, कुणाच्या तरी टेम्पोत बसून. सर तीन तास स्कूटरकडे बघत बसले. संध्याकाळी काकी आल्या, साखळी सोडली आणि म्हणाल्या, "राखण झाली की तुमचीबी. पैसं घेत न्हाय मी त्याचं."

एवढी जपणारी बाई, पण एका वर्षी विम्याची तारीख एका दिवसाने हुकली. तारीख हुकली की गाडीचे फोटो काढावे लागतात, चॅसी नंबरवर कागद धरून पेन्सिल घासून त्याचा ठसा घ्यावा लागतो. काकी धावत आल्या त्या थेट जोतिबाहून. गाडी डोक्यापासून टायरपर्यंत गुलालात. नंबरप्लेट आहे की नाही, हेही दिसेना.

"धुऊन आणा," सर म्हणाले.

"देवाचा गुलाल धुवू व्हय? एक दिवस गाडी बिनविम्याची ऱ्हायली, तिला देवानंच सांभाळलं न्हवं?"

शेवटी त्यांनी ओढणीच्या टोकाने फक्त आकड्यांपुरता गुलाल पुसला. मी रस्त्यावर उकिडवी बसून ठसा घेतला. उठले तेव्हा माझं नाक, कपाळ आणि ऑफिसची पेन्सिल गुलाबी झाली होती. काकी माझ्याकडे बघून इतक्या हसल्या की शेजारचा झेरॉक्सवाला बाहेर आला. मीही हसले, पण आवाज न करता. काकींच्या ते लक्षात आलं. "आतल्या आत हसती बघा ही," त्या सरांना म्हणाल्या. "गोबर गॅस हाय नुसता."

आणि मग दाजूंचा डबा आला.

एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नेपाळचे एक म्हातारे रखवालदार होते. काकी त्यांना त्यांच्याच भाषेत दाजू, म्हणजे दादा, म्हणायच्या. बारा वर्षं त्यांनी काकींच्या हातचं खाल्लं. घरून निरोप आला म्हणून ते एका सकाळी तडकाफडकी गेले, पोखराजवळच्या आपल्या गावी, कायमचे. त्यांचा तीन खणी स्टीलचा डबा काकींच्या घरी राहिला. झाकणावर नाव घातलेला.

काकींनी तो काउंटरवर ठेवला. "नाव घातलेलं भांडं दुसऱ्याच्या घरात ठेवून घ्यायचं नसतं. पोचवायला पायजे."

"कुरिअरने पाठवा की," सर म्हणाले.

काकींनी सरांकडे असं बघितलं, जणू त्यांनी ताटात पाय ठेवला होता. "डबा कधी कुरिअरनं जातो व्हय? डबा मी पोचवतो. बावीस वर्षांत माझा एक डबा चुकलेला न्हाय. ह्यो एकच ऱ्हायलाय."

"एकट्या? मोटरसायकलवर? नेपाळला?"

"मंग काय, पावण्यांना गोळा करून वरात काढू?"

सरांनी खूप समजावलं. मी मात्र तोपर्यंत अर्ज शोधून काढला होता. आपला गाडीचा विमा देशाच्या सीमेवर संपतो. नेपाळसाठी तो वाढवून घ्यावा लागतो आणि त्याचं एक वेगळं पान मिळतं. मी ते पान छापलं आणि काहीही न बोलता काकींच्या पुढे सरकवलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. नंतर माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मला स्टेपलर शोधावा लागला.

निघायच्या आदल्या दिवशी त्या आल्या तेव्हा गाडीच्या मागे एक पत्र्याची पेटी होती, उद्यमनगरातून खास वेल्डिंग करून घेतलेली. आत दाजूंचा डबा. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, म्हणून एका खणात कांदा-लसूण चटणी, दुसऱ्यात शेंगदाण्याचे लाडू, तिसऱ्यात भडंग. डब्याखाली मूळ कागद: आरसी, विमा, ते नेपाळचं पान. वाटेत दाखवायला झेरॉक्स खिशात. पेटी उघडायची ती सीमेवरच.

पेटीला नवंकोरं चार आकड्यांचं कुलूप होतं. काकींनी ते उघडंच माझ्या हातात दिलं.

"आकडा तू लाव. मला सांगू नगंस, बॉर्डरवरनं फोन करीन तवा सांग. मलाच ठावं नसला तर चोर मला दम देऊन काय काढून घेनार? आन तू तर काय बोलतच न्हाईस. तुझ्यागत तिजोरी न्हाय कोल्हापुरात."

आणि त्या भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून, हात जोडून उभ्या राहिल्या. सरांनाही तसंच उभं केलं. मी कुलपाशी खटपट करत होते. माहितीचा कागद मुंगीच्या अक्षरांत होता.

"झालं का गं?"

"हं," मी म्हणाले.

कुलूप पेटीला लावून मी आकडे फिरवून टाकले. काकींनी दोनदा ओढून बघितलं, माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "येतो मी." आमच्याकडच्या बायका असंच म्हणतात. मोटरसायकल दसरा चौकाकडे वळेपर्यंत सर आणि मी दारात उभे होतो.

त्या 'हं'ने पुढे माझं जेवण गेलं. सर विचारायचे, "काय लावलायस आकडा?" मी मान हलवायचे. नाशिक आलं असेल, इंदूर आलं असेल, असं मी नकाशावर बोट ठेवून बघायचे. फोन करून काकींना खरं सांगता आलं असतं. पण त्यासाठी फोन करावा लागला असता. काउंटरवर हेल्मेटच्या जागी मी एक कुंडी ठेवून बघितली. शोभेना. काढून टाकली.

आठव्या दिवशी दुपारी ऑफिसचा फोन वाजला. मी स्टेपलर शोधायला वाकले. सरांनी फोन घेतला, खरखर फार होती म्हणून स्पीकरवर टाकला. समोर तीन गिऱ्हाइकं बसली होती.

"सोनौलीला हाय मी. बॉर्डरवर," काकींचा आवाज ट्रकच्या हॉर्नमधून येत होता. "साहेब म्हणतोय, मूळ कागद दाव, न्हायतर गाडी हितंच लाव. पोरीला द्या फोन. आकडा पायजे."

मी फोनजवळ गेले. सांगितलं.

"आँ?"

पुन्हा सांगितलं.

"पोरी, चिमणीगत काय करतीस. हितं ट्रक हायत. डबा हितंच ऱ्हाईल बघ माझा."

डबा हितंच ऱ्हाईल. नाव घातलेला डबा, चटणीसकट, सीमेच्या अलीकडे.

"शून्य," मी ओरडले. "शून्य, शून्य, शून्य, शून्य."

पलीकडे आकडे फिरल्याची करकर आली आणि मग खट्ट असा आवाज.

"उघडलं," काकी म्हणाल्या. मग सावकाश म्हणाल्या, "पोरी, दुकानातनं आणलं तवाबी शून्यच हुतं की गं."

तिन्ही गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती. सरही. कान तापले होते, पण आता तोंड उघडलंच होतं.

"मला आकडा लावताच आला नाही काकी, आणि सांगायची लाज वाटली," मी म्हणाले, अगदी रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "पुढे जायच्या आधी तुम्हीच दुसरा लावा. आणि तो मला सांगू नका, मी आता बोलायला लागलेय."