कुपाटी फुलली

परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, की घरामागच्या कुंपणावर चढवायला बर्फात टिकेल असा गुलाब कोणता घ्यावा, आणि त्याची छाटणी कधी करावी. पहिल्याचं उत्तर तुमच्याकडचा रोपवाला देईल. दुसऱ्याचं मात्र मी देऊ शकते, कारण ते मला अमडापूरच्या घरी, माझ्या सासूबाईंच्या हाताखाली मिळालं. पण ते एका वाक्यात सांगितलं तर तुम्ही विसराल. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

माझे वडील चिखलदऱ्याला शाळामास्तर होते. आमच्या सरकारी क्वार्टरशेजारी साहेब लोकांचा एक जुना बंगला होता. साहेब गेले, बंगला रिकामा पडला, पण त्याच्या टिनाच्या छपरावर चढलेला गुलाबाचा वेल काही गेला नाही. तिथे हिवाळ्यात पहाटे गवतावरचं दव गोठून पांढरं होई, तरी त्या वेलाची पानं तशीच. फाल्गुनात मात्र छप्पर दिसायचं नाही. बोराएवढी पांढरी फुलं, घोसच्या घोस, आणि त्यांचा वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत.

माझं लग्न झालं तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. वडिलांनी त्या वेलाची एक फांदी तुपाच्या रिकाम्या डब्यात रुजवून मला दिली. खामगावला गाडी बदलून, डबा मांडीवर धरून मी अमडापूरला आले. पुढच्याच वर्षी वडील निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं, आणि थोड्याच दिवसांत ते गेले. चिखलदऱ्याला आमचं म्हणावं असं काही उरलं नाही. माझं माहेर म्हणजे तेवढा एक वेल.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्यांच्या गुलाबांची गावात ख्याती होती. अंगणाच्या कडेने गुलाबी गुलाबांची रांग, रोज देवाला ताजी फुलं. दसरा झाला की त्या स्वतः मोठी कात्री घेऊन बसत, एकेक झाड वीतभर उंचीवर छाटत आणि कापलेल्या टोकांना शेण लावत. संक्रांतीपर्यंत झाडं फुलांनी लगडलेली. माझा वेल त्यांनी त्याच रांगेच्या टोकाला, गल्लीकडच्या कुपाटीजवळ लावून दिला. कुपाटी म्हणजे बाभळीच्या काट्यांचं कुंपण. गुलाब तो गुलाब, म्हणून दसऱ्यानंतर तोही वीतभर छाटला जाई, त्यालाही शेण लागे.

पावसाळ्यात त्याचे फोक, म्हणजे लांब सरळ फांद्या, सरसर सुटत, माणसाच्या डोक्यावरून जात. दसऱ्याला कात्री. मग वसंतात पुन्हा नवी पालवी, पुन्हा नवे फोक, आणि फूल एकही नाही. वर्षामागून वर्ष तेच.

"काऊन वं सूनबाई," आत्याबाई विचारत, "तुह्या बाबानं गुलाबाचं झाड देल्लं का बोरीचं?"

"गुलाबच आहे, आत्याबाई. मी डोळ्यांनी फुललेला पाहिलाय."

"तुले इंग्रजी येते नं? मंग त्याले इंग्रजीत सांगून पाह्य. मराठी समजत नसंन त्याले."

तुमचे आजोबा यावर मोठ्याने हसत, आणि मी त्यांच्या ताटात भाकरी जरा जोरात टाके.

एका पावसाळ्यात कुपाटी कुजून मोडली. गल्लीपलीकडे राहणाऱ्या बांगड्या विकणाऱ्या चाचींच्या बकऱ्या तिथून आत शिरल्या आणि एका सकाळी आत्याबाईंचे गुलाब बुडख्यापर्यंत खाऊन गेल्या. आत्याबाईंनी त्याच दिवशी ठरवलं, की आता काट्यांचं कुंपण पुरे, दगडी भिंत घालायची. दगड सुगीनंतर येणार, आणि गुढीपाडवा झाला की पाया खोदायचा. पाया जिथून जाणार होता तिथेच माझा वेल उभा होता.

"ह्या वेलाचं काय?" मी विचारलं.

"काय म्हंजे? उपटाचा. न फुलणाऱ्या झाडासाठी भिंत वाकडी घालू काय मी?"

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. फांदी काढून दुसरीकडे लावता आली असती, पण इतकी वर्षं मुळावर न फुललेला वेल फांदीवर काय फुलणार? आणि तसं मागायला माझ्याजवळ कारण तरी काय होतं? मी तेव्हा एवढंच म्हणाले, "आत्याबाई, भिंत होईपर्यंत ते भगदाड तर बुजवायला हवं. हा वेलच कुपाटीवर चढवते. काटे बाभळीपेक्षा कमी नाहीत. पाडव्यापर्यंत त्याला गुलाब समजूच नका, कुपाटी समजा."

त्यांना ते पटलं. बाभळीच्या काट्या आणवायची कटकट वाचली ना! मी सुंभाने एकेक फोक आडवा बांधत गेले. हात कोपरापर्यंत ओरबाडले. श्रावण-भाद्रपदात वेलाने असा जोर धरला की भगदाड बुजलं, उरलेली कुपाटी झाकली आणि गल्लीत डोकावायला लागला. एक दिवस चाचींची बकरी त्यात शिंगं अडकवून बसली. चाची कमरेवर हात ठेवून ओरडत होत्या, "ओ बाई, ये क्या लगाया तुमने? मेरी बकरी छुडाव पहिले!"

आत्याबाई ओट्यावरून म्हणाल्या, "कुपाटी हाये चाची, कुपाटी! तुमच्या बकऱ्यायनं खाल्लेल्या गुलाबाचे पैसे मांगू काय आता?"

दोघी हसल्या. बकरी मीच सोडवली.

दसरा झाला. आत्याबाई कात्री घेऊन निघाल्या. एकेक गुलाब छाटत, शेण लावत रांगेच्या टोकाला आल्या, वेलासमोर थांबल्या आणि कात्री खाली केली. "कुपाटीले काय छाटाचं," असं स्वतःशीच पुटपुटल्या आणि हात धुवायला गेल्या. माझं त्याकडे लक्ष होतं, पण त्यात काही विशेष आहे हे मला तेव्हा कळलं नाही.

मग त्या वर्षी थंडी अशी पडली की आमच्या भागात सहसा पडत नाही. शेतातली तूर फुलोऱ्यात करपली. अंगणातल्या जास्वंदीची पानं काळी पडून लोंबली, केळ उभी वाळली. आत्याबाईंचे गुलाबही नव्या कोंबांसकट आखडले. माझ्या वेलाची पानं कडेने नुसती तांबूस झाली. मला ती पाहून चिखलदऱ्याची सकाळ आठवायची. गोधडी पांघरून मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहायची आणि मनात म्हणायची, ही तर तुझी थंडी आहे, आता तरी काही कर.

दगडांच्या गाड्या आल्या आणि गल्लीत ढीग पडला. गवंड्याने येऊन दोरी लावून पाहिली. दोरी वेलाच्या बुडावरूनच गेली.

होळीच्या आसपास मी सुंभाच्या गाठी तपासत होते, तेव्हा गेल्या पावसाळ्यातल्या एका फोकाच्या पेऱ्यापेऱ्यावर मुगाएवढं हिरवं काही दिसलं. एक फोक, दुसरा, सगळेच. मी कोणालाच सांगितलं नाही. कळीच आहे याची खात्री पाहिजे होती. पाडव्याच्या आधी चार-पाच सकाळींत ती सगळी कुपाटी पांढरी झाली. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत! बाजाराला आलेली माणसं गल्लीच्या तोंडाशी थांबून विचारू लागली, की वास कुठून येऊन राह्यला.

आत्याबाई अंगणात आल्या. मग वेलाजवळ वाकून फांद्या चाचपू लागल्या. बागेतली बाई ती, तिची नजर माझ्यासारखी नुसती फुलांवर थांबणार नव्हती.

"सूनबाई, पाह्य. नव्या कोंबावर एक फूल नाही. सारे जुन्या फोकावर हायेत."

मीही पाहिलं. खरंच तसं होतं.

"म्हंजे दरसाल मीच फुलं छाटत होती ह्याचे!" त्यांनी कपाळावर हात मारला आणि इतक्या खदखदून हसल्या की चाची पलीकडून धावत आल्या. "अवं, मंग सांगतलं काऊन नाही तू?"

"मला तरी कुठे ठाऊक होतं? आम्ही चिखलदऱ्याला तो कधी छाटलाच नाही. छपरावर कोण चढणार?"

"कुपाटी म्हटलं म्हणून वाचला," त्या म्हणाल्या. "गुलाब म्हणत राह्यली असती तं मी अजूनही कापतच असती."

पाडव्याच्या गुढीला त्या वर्षी झेंडूऐवजी त्या पांढऱ्या फुलांचा हार होता. तो आत्याबाईंनी स्वतः ओवला आणि बोटांत काटे मोडले तरी मला हात लावू दिला नाही. गवंडी आला तेव्हा त्याला चहा देऊन परत पाठवलं. ते दगड पुढे गोठ्याच्या फरशीला लागले. चाचींनी एक घोस मागून नेला आणि बदल्यात मला हिरव्या बांगड्या भरल्या. बकऱ्या मात्र पुन्हा त्या बाजूला फिरकल्या नाहीत.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे. असा वेल वर्षातून एकदाच फुलतो, तोही जुन्या फांदीवर. रोपवाल्याने बर्फात टिकणारा दिला, की थंडीला भिऊ नका, थंडीने त्याचं काही बिघडत नाही. कात्री लावायचीच तर फुलं झडल्यावर लावा, आणि तीसुद्धा अगदी वाळलेल्या फांदीला.

एकदा ऐन फुलोऱ्यात पिंपळगाव राजाकडचे पाहुणे आले होते. त्यांतल्या एका बाईंनी कौतुकाने विचारलं, "आत्याबाई, हा कोणता गुलाब?"

आत्याबाईंनी लगबगीने त्यांना गप्प केलं. "हळू बोला वं. कुपाटी हाये ते. गुलाब म्हटलं तं कोणी कात्री घेऊन येईन."