शिवेवरचा भात

"सायबाच्या शाळंतली हाय, पर तोंडात बोळा कोंबल्यावानी बसती," शेजारच्या आत्या ओसरीवर म्हणाल्या. आत मी मामीच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होते. मामीनं ते ऐकलं आणि तापातही ती हसली.

"बोळा काढ गं. आजचा शबूद सांग."

मी सुट्टीत पुण्याहून भोरजवळच्या या गावी आले की मामी माझ्याकडून रोज एक इंग्रजी शब्द घ्यायची. बाळंत झाल्यापासून तिचा ताप उतरत नव्हता, पण शब्द तिनं चुकू दिला नव्हता. मी 'स्ट्रू' सांगितला.

"म्हंजे फोकणं? राबात भाताचं बी फोकत्यात तसं?"

"तसं नाही. बी उगवावं म्हणून फोकतात. हे नुसतं टाकत, पसरत जायचं. गोठ्यात पेंढा, वाटेवर फुलं. कशासाठी ते या शब्दात येत नाही."

"मंग वाक्य?"

शाळेत शिकवलेलं वाक्य राजाच्या वाटेवरच्या फुलांचं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढं सकाळचा भात होता.

वरच्या वाडीत पटकीनं माणसं गेली होती, म्हणून गावानं शीव बांधायची ठरवली. गुलाल कालवलेला दहीभात मामांनी पाटीतून गावाभोवती टाकत नेला. तो पडला की दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत कुणी गावात यायचं नाही, बाहेर जायचं नाही. ओलांडणाऱ्याच्या पायानं रोग आत येतो, असं सगळे मानत. मी परड्यातून पाहिलं, तेव्हा सडकेवर तांबूस शितं आडवी पसरली होती.

ते वाक्य मी मामीला सांगितलं नाही. उद्या सांगते, म्हणाले.

दुपारी तिला हुडहुडी भरली. ती बरळायला लागली, मला आई म्हणून हाका मारू लागली. बाळ आत्यांच्या मांडीवर रडत होतं. मामा ओसरीच्या खांबाला टेकून उभे होते. भोरला दवाखाना होता, डॉक्टर होते.

"उजाडल्याव जाऊ," ओसरीवर जमलेल्यांतले एक म्हातारे म्हणाले. "भात तुज्या हातचा हाय. तूच वलांडलास, आन् उद्या कुनाच्या घरात काय झालं, तर गाव तुलाच धरंल."

"व्हय," मामा म्हणाले. त्यांच्या बोटांना अजून गुलाल होता.

"पाव्हण्यानं बी जायचं न्हाई," आत्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या.

मी पायरी उतरले. वहाणा घातल्या. मी काही बोलेन असं कुणाला वाटलं नव्हतं, मलाही नाही.

"मामा," मी म्हणाले, "मी डॉक्टरांना आणायला चालले. दोष लागायचा तर माझ्या पायांना लागू दे."