विळ्याचे दात

आमच्या घरी शेत नव्हतं. बाबा गेल्यावर आई दुसऱ्यांच्या धानात कापणीला जायची, आणि विळा ज्याचा त्यानं न्यायचा, असा गोंडपिपरीकडे रिवाज होता. काल विळीवरचा गंज विटेच्या भुकटीनं काढला, तेव्हा हाताला तोच जुना लोखंडी वास लागला.

त्या वर्षी कॉलेजात माझं नाव लागलं होतं, पण मीही कापणीला जायचं ठरलं. म्हणजे कॉलेज सुटल्यातच जमा होतं. आदल्या दिवशी बाबांचा गंजलेला विळा मी दगडावर घासत बसले. दुपारपर्यंत तो लखलखीत झाला.

आईनं धारेवरून अंगठा फिरवला. "काऊन वं, दात कुठी गेले याचे?"

"गंज काढून राह्यली होती."

"बारावी शिकली, अन् धानाच्या विळ्याले दात लागते हे तुले नाई समजलं! याच्यानं तं गवतबी कापणार नाई. जाय, तू कॉलेजातच जाय."

मी मान खाली घालून गेले. लोहारानं तासाभरात नवे दात पाडून दिले असते, हे मला फार पुढे कळलं. आईला ते तेव्हाही माहीत होतं.

कापणी तिनं एकटीनं केली. मी आमच्या घरातली पहिली बी.ए. झाले.