मिठावर रुसलेली गोगलगाय

माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, एका मोठ्या कचेरीच्या उपाहारगृहात मुख्य आचारी. बोटाचं टोक रश्श्यात बुडवायचं, जिभेला लावायचं आणि डोळे मिटून म्हणायचं, "बरोबर." एवढ्याशा भांडवलावर त्यांनी वर्षानुवर्षं शेकडो माणसं जेवू घातली. त्या बोटाला साधं खरचटलं तरी ते घर डोक्यावर घ्यायचे. शिकायला म्हणून मी त्यांच्याकडे राहत होते, त्यामुळे हे सगळं जवळून सोसलंय.

रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, मासे पाळा, बघत बसा, डोकं शांत राहील. आतोबांनी बैठकीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आणली. मासे एकेक करून गेले. उरली लिंबाएवढी एक समुद्री गोगलगाय, काचेवरचं शेवाळ खाणारी. तिचं नाव त्यांनी ठेवलं गिऱ्हाईक, कारण दिवसभर खाते पण कधी 'छान' म्हणत नाही.

दुकानदाराने टाकीबरोबर एक काट्याची डबी दिली होती. त्यात टाकीतलं पाणी भरलं की मीठ किती ते काटा दाखवतो. "मला काटा दाखवतो? मला?" असं म्हणत आतोबांनी ती चमच्यांच्या खणात भिरकावली. मग मूठभर समुद्री मीठ, ढवळणं, बोट, जीभ, "बरोबर." पाणी आटलं की वरून पुन्हा खारंच पाणी. पाणी उडून जातं पण मीठ तिथेच राहतं, असं मी सांगून पाहिलं. पुस्तकी शहाणपण पुस्तकात ठेव, असं उत्तर मिळालं.

एके सकाळी गोगलगाय पाण्याबाहेर, थेट टाकीच्या झाकणाखाली जाऊन बसली. आतोबांनी तिला उचलून पाण्यात सोडलं. ती परत वर. पुन्हा सोडलं, पुन्हा वर. हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

"अगं, माझ्या हातचं टाकून उठलेलं गिऱ्हाईक आजवर कोणी पाहिलंय का?" ते आत्याला विचारत होते. स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. "काय कमी पडलं? तोंडाने सांग तरी!" तिने अंग आत ओढून शंखाचं झाकण मिटून घेतलं. "बघा, दारच लावून घेतलं!" असं म्हणत त्यांनी नखाने झाकणावर टकटक केली. मी हसून हसून लोळायची बाकी होते, पण आत्याने असे डोळे वटारले की हसू घशातच राहिलं.

कारण आम्हा दोघींना ठाऊक होतं. सुट्टीच्या दिवशी आतोबा घरी रांधायचे आणि आम्ही तांबेच्या तांबे पाणी पीत जेवायचो. वर्षभर हे चाललं होतं.

"जीभ गेलीय त्यांची," मी स्वयंपाकघरात म्हटलं. "सांगून टाक ना, आत्या."

"तू गप्प बस. त्या जिभेवर नोकरी आहे, आणि त्या नोकरीवर तो माणूस उभा आहे. कळलं तर कोसळेल."

मला तिचा राग आला. त्यांचा तर आलेलाच होता.

दुसऱ्या दिवशी गोगलगाय तळाशी पडली ती हलेचना. आतोबांचा चेहरा उतरला. गुपचूप त्यांनी खणातून डबी काढली, पाणी भरलं. काटा सगळ्या खुणा ओलांडून टोकाला जाऊन टेकला. "बिघडलीय," असं म्हणून ते डबी काखेत मारून दुकानात गेले. तिथल्या टाकीत काटा बरोबर जागेवर उभा राहिला.

ते परत आले आणि बूटही न काढता टाकीपाशी गेले. बोट बुडवलं, चाखलं. पुन्हा चाखलं.

"मला तर बरोबरच लागतंय गं," ते म्हणाले. आवाज इतका बारीक झाला होता की माझा सगळा राग विरघळला.

"घरची भाजी कशी असते?" त्यांनी आत्याला विचारलं.

"थोडी खारट असते," आत्या म्हणाली.

"थोडी?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आतोबा, तिला निदान काचेवर चढून जायची सोय होती," मी बोलून गेले.

आत्याने मला कचकन चिमटा काढला. आतोबा इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं.

संध्याकाळभर आम्ही तिघं तांबे घेऊन टाकीशी उभे होतो. थोडं खारं पाणी बाहेर, थोडं गोडं आत, दुकानदाराने सांगितलं तसं अगदी हळूहळू. सकाळी गिऱ्हाईक काचेवर चरत होतं. आतोबा मात्र चहा न घेताच कामावर गेले, परीक्षेला निघालेल्या पोरासारखे.

संध्याकाळी आले तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. चाखायचा चमचा सगळ्यांसमोर त्यांनी हाताखालच्या आचाऱ्याच्या हातात दिला होता. "माझी जीभ गेलीय. आजपासून तू चाख." त्या दांडग्या गड्याने मागच्या शेगडीवरचं पातेलं दाखवलं. त्यात रस्सा उकळत होता, अगदी अळणी.

"आम्हाला वर्षापासून ठाऊक आहे. तुम्ही हात धुवायला गेलात की हा रस्सा आम्ही तुमच्या रश्श्यात मिसळतो."

"मग इतके दिवस लोक कुणाच्या हातचं जेवत होते?" आतोबा त्याच्यावर ओरडले होते. इथवर सांगून त्यांना रडूच कोसळलं, आणि आत्यालाही. डोळे पुसून त्यांनी त्याचं उत्तर सांगितलं.

"तुमच्याच हातचं, उस्ताद. मीठ तेवढं आमचं."