पहिला सुखदेवचा, दुसरा पाण्याचा

पुण्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका धरणावर सुखदेव चौकीदार होता. दारं उघडण्याआधी भोंगा वाजवणं ही त्याची नोकरी, आणि भिंतीखालच्या खडकावर गळ टाकून बसणं हा त्याचा खरा धंदा, असं त्याची बायको द्वारका म्हणायची. तिचंही फारसं चुकत नव्हतं.

खडकावर उतरणाऱ्या पायऱ्यांपाशी ‘मासे धरण्यास सक्त मनाई’ अशी पाटी होती. रविवारी शहरातून येणारे हौशी लोक तिच्यावर शर्ट वाळत घालत. एकदा साहेबांनी पायऱ्यांच्या फाटकाला कुलूप ठोकायचं काढलं, तेव्हा सुखदेवच आडवा आला. “साहेब, आठवडाभर ऑफिसात पिचतात बिचारे. दोन चिलापी मिळाल्या की खुशीत घरी जातात. त्यांची जबाबदारी माझी.” साहेबांनी हात झटकले आणि कुलूप कपाटात गेलं.

ती जबाबदारी त्यानं आपल्या पद्धतीनं उचलली. नियमाप्रमाणे भोंगा एकदाच, आणि त्यानंतर थोड्याच वेळात दारं उचलायची. पण गळ गुंडाळायला, डबे आवरायला वेळ नको? म्हणून पाणी सोडायचा निरोप आला, की सुखदेव बराच आधी एक जादा भोंगा देऊन टाकायचा. खालचे लोक हात वर करून ऐकल्याचं सांगायचे आणि निवांत बसायचे. दुसरा वाजला की मगच उठायचे. ‘पहिला सुखदेवचा, दुसरा पाण्याचा’ असं त्यांच्यात बोललंच जायचं. इतक्या वर्षांत कुणाची चप्पलसुद्धा वाहून गेली नाही, याचा सुखदेवला केवढा अभिमान!

मग तो निवृत्त झाला. मुलगा सुदर्शन आयटीत लागला होता, त्यानं हडपसरला नवा फ्लॅट घेतला. तिथला वॉचमन येता-जाता सलाम ठोकायचा आणि सुखदेवला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. धरणावर त्याच्या जागी ठेकेदारानं यवतमाळकडचा समर्थ नावाचा तरुण नेमला.

भाद्रपदातला एक रविवार. सुखदेव चहात पाव बुडवत असताना द्वारका म्हणाली, “सुदर्शन सकाळीच ऑफिसातल्या दोघांना घेऊन तुमच्या धरणावर गेला. तुमचाच गळ नेलाय.”

सुखदेवला बरं वाटलं. समर्थ पोरांना अडवणार नाही, त्याला सगळं नीट समजावून दिलंय. किल्ल्या दाखवल्या, भोंग्याचं बटण दाखवलं, चौकीदाराच्या खोलीमागे निघणाऱ्या नागाचं बीळसुद्धा दाखवलं. आणि जादा भोंगा?

पाव चहात विरघळून गेला. जादा भोंग्याचं त्यानं सांगितलंच नव्हतं. ते कधी त्याला काम वाटलंच नव्हतं, तर सांगणार काय!

त्यानं सुदर्शनचा मोबाइल लावून पाहिला. भिंतीखाली रेंज कुठली? धरणावरचा फोन नुसता वाजत राहिला. धरण काठोकाठ भरल्याचं कालच्या पेपरात होतं, म्हणजे समर्थ आल्यापासूनचं पहिलं पाणी आज ना उद्या सोडणारच. त्यानं पायांत चपला सरकवल्या. द्वारका “अहो, झालं काय?” विचारत राहिली, पण तो जिना उतरूही लागला होता.

स्वारगेटपर्यंतची बस प्रत्येक सिग्नलला थांबली. पुढे रिक्षावाला म्हणाला, “तिकडून रिकामं यावं लागतं, काका.” दुप्पट देतो म्हणत सुखदेव आत बसला. वाटेत दिसेल त्या देवाला त्यानं हात जोडले, एरवी ज्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नसतं त्यांनाही.

रिक्षा धरणाच्या चढाला लागली आणि भोंगा वाजला.

सुखदेव धावत कठड्याशी गेला. खाली दहा-बाराजण बसलेले, आणि एकही उठला नव्हता. दर रविवारी येणारा म्हातारा कोंडीराम विडी पेटवत होता. सुदर्शननं तर वर न बघताच ऐटीत हात उंचावला आणि पुन्हा गळाकडे नजर लावली. सुखदेवनं बोंब मारली, पण एवढ्या उंचावरून ती कुणाला ऐकू जाणार!

तो खोलीत घुसला. समर्थ दचकला. “काका, साहेबायचा फोन आला होता. वाजवला न मी!”

“परत वाजव!”

“एकदाच वाजवा म्हन्ते न नियम…”

सुखदेवनं त्याला ढकललं आणि बटण दाबलं. खाली सगळे एकदम उठले. गळ, डबे, पिशव्या घेऊन पायऱ्या चढू लागले. शेवटचा कोंडीराम फाटकातून आत आला आणि दारं उचलली गेली. मघाशी सुदर्शन बसला होता तो खडक बघता बघता गडप झाला.

सुखदेव पायऱ्यांच्या फाटकाशी आला. त्यानं मुलाला मिठी मारली, तिथंच, सगळ्यांसमोर.

सुदर्शन हसला. “काय बाबा, रिटायर होऊन पण ड्यूटी? टायमिंग परफेक्ट हं.” मग मित्रांना म्हणाला, “सांगितलं होतं ना? दुसरा झाल्याशिवाय पाणी येतच नाही.”

“कधीच नाही,” कोंडीरामनं मान डोलावली.

“अरे, दुसरा नाहीये!” सुखदेव ओरडला. “नियमात एकच आहे. आत्ताचा मी वाजवला!”

“तेच म्हणतोय आम्ही,” कोंडीराम म्हणाला. “तुम्ही आहात म्हणून तर येतो. बरं, पुढच्या रविवारी गळाला लावायला कणीक मी आणतो.”

सुखदेव त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. एकाच्याही चेहऱ्यावर भीती नव्हती. इतकी वर्षं त्यानंच ती घालवली होती, आणि आज उरलीसुरली घालवली होती.

तो खोलीत गेला. कपाटातलं गंजलेलं कुलूप काढून त्यानं पायऱ्यांच्या फाटकाला लावलं आणि किल्ली समर्थच्या हातात दिली. “कुणी मागितली तरी द्यायची नाही.”

“अन् तुमी मागतली तर, काका?”

खाली गढूळ पाणी खडकांवरून धावत होतं. सुखदेवनं सुदर्शनच्या हातातून आपला गळ घेतला आणि समर्थकडे बघून म्हणाला, “मला तर मुळीच नाही.”