तोरणमाळला न गेलेली सुट्टी

गेल्या दिवाळीत आमचा दहावीचा वर्ग पंधरा वर्षांनी शहाद्याच्या शाळेत जमला. जुन्याच बाकांवर गुडघे आपटत बसलो. ब्राह्मणपुरीहून सायकलने येणारा आमचा मॉनिटर आता केळीचा मोठा बागायतदार झालाय. तो उठला आणि सरांच्या आवाजात हजेरी घेऊ लागला. जो तो "हजर सर" म्हणून हसत होता. बत्तीस नंबरला कुणीच बोललं नाही.

"ती तोरणमाळवाली ना? ग्रुपवर नही शे ती," कुणीतरी म्हणालं, आणि तो पुढे गेला. तेहतीस नंबर माझा.

ती दहावीलाच तोरणमाळच्या डोंगरातून आमच्या शाळेत आली. मुलींच्या वसतिगृहात राहायची. घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणारी, मराठी शिकली ती पुस्तकातूनच. त्यामुळे तिचं मराठी आमच्या सगळ्यांपेक्षा शुद्ध. आमचे मराठीचे सर साताऱ्याकडचे. आम्ही तोंड उघडलं की ते कपाळाला हात लावायचे. "शे नाही, आहे म्हणा! हिच्याकडून शिका जरा." मग मधल्या सुट्टीत पोरी तिला ‘पुस्तक’ म्हणून चिडवायच्या.

एकदा पाण्याच्या टाकीपाशी ती मला म्हणाली, "मला तुमची भाषा शिकव. नाहीतर मी इथे एकटीच राहीन."

आमचं घर राजस्थानातून आलेलं, बाजारात कापडाचं दुकान. घरात मारवाडी, गल्लीत अहिराणी. मी शिकवू लागले. ‘तुला’ नाही, ‘तुले’. ‘काय करतेस’ नाही, ‘काय करी ऱ्हायनी’. बदल्यात ती मला भूमिती समजावायची. वर्तुळ काढताना तिच्या कंपासचं टोक कधी हललं नाही. माझ्या वहीला मात्र भोकं पडायची. जानेवारीपर्यंत ती अशी अहिराणी बोलू लागली की चिडवणाऱ्या पोरीच तिच्या शेजारी डबा खायला येऊन बसू लागल्या. माझ्या डब्यातला बेसनाचा गट्टा तिला भारी आवडायचा. माझी आई मग दोन जास्तीचे घालून द्यायची, पण कुणासाठी ते कधी विचारायची नाही.

निरोप समारंभाच्या दिवशी आम्ही सगळ्याजणी आयांच्या साड्या नेसून आलो होतो. तिच्याकडे साडी नव्हती, म्हणून मी दुकानातून एक मोरपिशी साडी मागून आणली. पिना लावताना ती म्हणाली, "पेपर सरनात का तू मन्हा घर ये. चार दिन ऱ्हाय. कैऱ्या उतारसूत."

"येसु," मी म्हटलं. "नक्की येसु."

"मी जीप थांबस तठे उभी ऱ्हासु."

शेवटचा पेपर झाला. दोन दिवसांनी जायचं ठरलं होतं. मी पिशवीही भरली. दुपारी जेवताना विषय काढला तर वडिलांनी घास खाली ठेवला. "डोंगरात? त्या लोकांच्या घरी चार रात्री?" ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आपल्यात असं करत नाहीत, बेटा." आईने मला आणखी एक पोळी वाढली. मी पुन्हा विचारलं नाही, हेच आजवर टोचतं. रडून, रुसून, उपाशी राहून पोरी हट्ट पुरवून घेतात. मी फक्त पिशवीतले कपडे परत कपाटात ठेवले. तिच्याकडे फोन नव्हता, कळवायला कुणी नव्हतं.

निकालाच्या दिवशी ती घाट उतरून आली. उन्हाने पार काळवंडली होती. गुणपत्रिका पाहायच्या आधी तिने मला गाठलं.

"तू कसाले उनी नही? मी दोन दिन उभी ऱ्हायनू."

"माले ताप होता," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीतून आमचूरची पुडी काढून माझ्या हातात दिली. "तुन्हासाठे सुकाडेल शे." इतकंच. वसतिगृहातल्या मुलींबरोबर ती निघून गेली. मी लोणखेड्याच्या कॉलेजात गेले, पुढे लग्न होऊन सुरतेला. ती अकरावीला आलीच नाही.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याला म्हटलं, "गाडी काढा, तोरणमाळला जायचंय." घाटाची वळणं मी पहिल्यांदाच पाहत होते. शहाद्यात वाढलेल्या बाईने हे सांगावं का, पण खरं आहे. वर चहाच्या टपरीवर विचारत विचारत घर सापडलं. तिची आई अंगणात भुईमुगाच्या शेंगा निवडत होती. तिला मराठी फारसं येत नव्हतं. मी शाळेचं नाव घेतलं, स्वतःकडे बोट दाखवलं. म्हातारी टक लावून पाहत राहिली आणि एकदम म्हणाली, "कापडवाली!" मग तिने माझा हात धरून मला खाटेवर बसवलं.

शेजारच्या मुलीने सांगितलं ते असं. त्या वर्षी तिचे वडील वारले, धाकटी भावंडं होती, म्हणून शिक्षण थांबलं. आता ती सीमेपलीकडे मध्य प्रदेशात दिलेली आहे, तिथल्या अंगणवाडीत शिकवते. मुलीने नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.

"वळख का माले?" मी म्हटलं. "मी, तेहतीस नंबर."

पलीकडे पोरांची गडबड होती. मग तिचा आवाज आला, जुनाच, पण जपून ठेवलेल्या शुद्ध मराठीत. "हो, ओळखलं. तुम्ही बऱ्या आहात ना?"

तुम्ही.

"तेव्हा माले ताप नव्हता," मी म्हटलं. "मी खोटं बोलनू. घरन्यास्नी धाडं नही."

"ते मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "ताप आलेली मुलगी अशी मान खाली घालत नाही." मग थोडं हसली. "आई चहा देईल तो प्या. बिनदुधाचा असतो." मुलांची सुट्टी व्हायची वेळ झाली होती, तिला जावं लागलं.

चहा प्यायला. निघताना म्हातारीने नवऱ्याच्या हातातही शेंगा कोंबल्या. घाट निम्मा उतरल्यावर माझ्या लक्षात आलं, तिला मुलं किती, ती कितवीत आहेत, काहीच विचारलं नाही. नवऱ्याला म्हटलं, गाडी थांबवा, पुन्हा फोन करते. पण तिथे रेंज नव्हती.