बादलीतली तंबाखू

"बादली काठोकाठ भरा!" मुंबईहून आलेले आमचे डायरेक्टर साहेब ओरडले आणि निलंग्याजवळच्या त्या शाळेच्या अंगणात जमलेलं गाव एकमेकांकडे बघू लागलं.

मी नांदेडची, टीव्हीवर मुलांच्या कार्यक्रमाची प्रोड्यूसर. लातूर जिल्हा नवा नवा झालेला, आणि त्यात दुष्काळ. करायचं होतं व्यसनमुक्तीचं गाणं. गाणं आधीच रेकॉर्ड झालेलं, ते वाजवायचं आणि मुलांनी फक्त ओठ हलवायचे; याला आम्ही प्लेबॅक म्हणतो. स्क्रिप्ट मुंबईतलं. शेवटी मुलगी बापाची तंबाखू पाण्याच्या बादलीत बुडवते.

मुलगी होती चौथीतली गंगा. बापाच्या कामाला तिचाच बाप कोंडिबा, गावातला ढोलकीवाला. तंबाखू मळल्याशिवाय त्याचा हात ढोलकीवर पडत नसे. तोंड पुरतं उघडेना, भाकर कुस्करून खायचा.

"मॅडम, टीव्हीत टाकली म्हंजी दादाची खरंच सुटंल का हो?" गंगानं सकाळीच विचारलं होतं. बापाला ती दादा म्हणायची.

"सुटेल की!" मी म्हटलं. बोलायला माझं काय जातंय?

टँकरच्या पाण्यातून बादली आली. टेक सुरू झाला. गंगा बापाची तंबाखूची चंची घेऊन बादलीपाशी आली आणि थांबली.

"कट! काय झालं?"

"पानी नासंल की."

"अगं बाई, ही ॲक्टिंग आहे!"

"पानी तर खरं हाय न्हवं?"

"हाव, पोरगी बराबर बोलायली," कडेची एक बाई म्हणाली आणि सरळ बादली उचलून घरी चालू लागली. मी पदर तोंडाला लावून हसले.

"सर, तिला मातीत टाकू द्या."

"व्हिज्युअल मरतं हो!"

"बादली तर गेली, सर."

शेवटी गंगानं चंची मातीत रिकामी केली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. ओके! पॅकअप!

वायरी गुंडाळताना पाहते तर कोंडिबा उकिडवा बसून तंबाखू वेचतोय. फुंकर मारतोय, चंचीत भरतोय.

"अहो कोंडिबा, आत्ताच तर सोडलीत!"

"ती टीव्हीत सोडली, मॅडम. कोरडी हाय समदी, लई चांगली हाय."

दुष्काळाचा असाही फायदा असतो, हे मला ठाऊक नव्हतं.

गंगा वर्गातून तिचा पाण्याचा तांब्या घेऊन आली. एक घोट प्यायली. उरलेलं सगळं पाणी तिनं तंबाखूवर ओतलं, चंचीसकट.

कोंडिबा ताडकन उठला. "आगं येडे, प्यायचं पानी!"

"मंग दादा, पुन्यांदा वतायला लावू नका."

कोंडिबा ओली चंची तिथंच टाकून, पोरीच्या हातातला रिकामा तांब्या घेऊन घरी गेला.

"हे शूट झालं का?" साहेबांनी विचारलं.

कॅमेरा केव्हाच पेटीत गेला होता. तेव्हापासून मी दोन गोष्टी करते. गावात पाणी आहे का ते आधी विचारते, आणि पॅकअप म्हणायची घाई करत नाही.